कातडीखालचा उंदीर

शिरूर अनंतपाळच्या बाजारात आमचं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा, जनावरांचं मीठ, असला माल. वडील थकल्यावर दुकान माझ्या मोठ्या भावानं सांभाळलं. मी त्याला अण्णा म्हणायचे. गावही त्याला अण्णाच म्हणायचं, त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

दुकानात हमाल होता. पण गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर पोतं टाकायचं ते अण्णानंच. हमाल वाकायच्या आत हा गल्ल्यावरून उठलेला असायचा. एक हात पोत्याच्या कानाला, एक बुडाला, आणि पोतं खांद्यावर. पोतं गाडीवर नीट बसलं की त्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हळू जावा, गाभण म्हशीगत न्या." रोज तेच म्हणायचा आणि रोज माणसं हसायची.

आमच्यात बारा वर्षांचं अंतर. मी लहान होते तेव्हा तो बाही वर सारून दंड वाकवायचा आणि म्हणायचा, "दाब." मी दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचे. आत एक टणक गोळा वरखाली सरकायचा. आमच्याकडं त्याला बेंडकुळी म्हणतात. बेंडकुळी म्हणजे छोटा बेडूक. मी विचारायचे, "आत खरंच बेडूक हाय का रे?"

"हाय की. तुला बघून दडलाय."

मी कान लावून ऐकायचे. त्याच्या अंगाला पेंडीचा वास यायचा, तेलकट, किंचित गोडसर. अजून कुठं सरकी पेंडीचं पोतं फोडलं की मला आधी तो आठवतो.

इंग्रजी घेऊन शिकते म्हटलं तेव्हा वडील तयार नव्हते. अण्णानं त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मला लातूरला हॉस्टेलवर सोडून आला. पुढं नांदेडला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, घरही तिथंच झालं. मी नांदेडची झाले. पण दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. दुकान बंद, जेवण झालेलं, बाजेवर आडवा पडून तो बोलायचा. गावात कुणाचं काय झालं, कुणाच्या म्हशीला काय झालं.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "बाई, माझ्यानं कुलूप लागंना गेलंय."

"कुलूप गंजलं असेल."

"नवं आणलं. तेबी लागंना. किल्ली धरतो, बोटं फिरतच न्हाईत."

वयाची पन्नाशी उलटली होती. मी म्हटलं, वात असेल, मान धरली असेल, गरम पाण्यानं शेक. त्यानं शेकलं. मग पोत्याचं तोंड शिवायचा दाभण हातातून पडायला लागला. मग एका गिऱ्हाइकासमोर भरलेलं पोतं खांद्यावरून निसटलं आणि फुटलं. हे मला त्यानं सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणे.

त्यानंतरच्या रविवारी तो म्हणाला, "दंडात कायतरी पळायलंय बघ. दुखत न्हाई. नुसतं पळतंय." आणि त्यानं वहिनींकडून व्हिडिओ काढून पाठवला. उघडा दंड, त्यावर सकाळी ओढलेली विभूतीची तीन बोटं अजून तशीच. आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांखाली कातडी आपोआप थरथरत होती. इथं उठे, तिथं उठे. आतून कुणीतरी वाट शोधत असल्यासारखं.

मी तो व्हिडिओ परत परत पाहिला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातही, स्टाफरूममध्ये.

त्याच आठवड्यात अकरावीच्या वर्गात व्यायामावरचा एक उतारा होता. हदगावकडची एक मुलगी वाचायला उठली आणि 'मसल' या शब्दाला 'मस्कल' म्हणाली. वर्ग हसला. मी म्हटलं, त्यातला सी म्हणायचा नसतो. ती म्हणाली, "म्हणायचा नसतो तर लिहायचा कशाला, मॅडम?"

वर्ग परत हसला, पण प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं. तास संपल्यावर लायब्ररीतला जाडजूड शब्दकोश काढून बसले. सगळी माणसं बोलतात तो शब्द, मसल. जिमच्या पाट्यांवर असतो, औषधाच्या दुकानात असतो. मी वीस वर्षं शिकवलेला. तो लॅटिनमधून आलेला निघाला. तिथं तो 'मुस्कुलुस', आणि त्यातला तो मुका सी त्या जुन्या शब्दाचा उरलेला तुकडा. 'मुस' म्हणजे उंदीर. मुस, माउस आणि आपला मूषक, सगळे एकाच कुळातले. आणि मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर, उंदराचं पिल्लू. दंड वाकवला की कातडीखाली जो गोळा सरकतो तो त्या लोकांना उंदरासारखा दिसला, म्हणून हे नाव.

एरवी मला असलं काही सापडलं की आनंद व्हायचा, वर्गात जाऊन कधी सांगते असं व्हायचं. त्या दिवशी मी कोश मिटला आणि बसून राहिले. डोळ्यांपुढं तो व्हिडिओ होता. दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं. सगळ्यांनी दंड वाकवून बघितले, मुलांनी उंदराचे आवाज काढले. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

महिन्याभरानं अण्णा आणि वहिनी नांदेडला आले. लातूरच्या डॉक्टरांनी नसांची एक तपासणी करायला सांगितली होती, ती इथं करायची ठरली. एका बारीक खोलीत अण्णाला झोपवलं आणि दंडात, मांडीत, मग जिभेतही बारीक सुई घालून मशीनवर आवाज ऐकला. मला दाराशी उभं राहू दिलं होतं. गरम कढईत लाह्या फुटाव्यात तसा तो आवाज होता. सुई काढली तरी माझ्या कानात तो चालूच होता.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी घाई केली नाही. अण्णाला समोर बसवून त्यालाच सांगितलं. म्हणाले, "मेंदूकडून मसलला निरोप नेणाऱ्या नसा तुमच्या हळूहळू मरताहेत. निरोप आला नाही की मसल काम करत नाही. काम थांबलं की वाळतो. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास."

अण्णानं विचारलं, "औषध?"

"थोडं लांबवणारं आहे. थांबवणारं नाही."

"आन् डोकं?"

"डोकं शेवटपर्यंत असंच राहील. सगळं कळेल तुम्हाला."

अण्णानं मान डोलावली. पेंडीचा भाव ऐकल्यावर डोलवायचा तशीच. मग डॉक्टरांना नमस्कार करायला दोन्ही हात उचलले, उजवा वर आला, डावा मांडीवरच राहिला. वहिनींनी तो हात उचलून उजव्याला लावला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरी हे सगळं केव्हाचं चालू आहे.

माझं घर विष्णुपुरीच्या बाजूला. रिक्षानं परत येताना अण्णा म्हणाला, "धरणाकडं घे. पाणी बघू." आम्ही तिघं बांधाच्या अलीकडं एका दगडावर बसलो. गोदावरी भरलेली होती, वारा होता. वहिनी पदर तोंडाला लावून पाण्याकडं पाहत होत्या. कुणीच बोलेना. मला ते सहन होईना म्हणून मी बोलायला लागले, आणि बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्या शब्दाचंच सांगितलं.

"अण्णा, डॉक्टर मसल मसल म्हणत होते ना, त्याचा मूळ अर्थ काय माहीत आहे? उंदराचं पिल्लू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कुणाचं?"

"उंदराचं. जुन्या काळी तिकडच्या लोकांना वाटलं, दंडात उंदीर पळतोय."

तो हसला, आधी नाकातून, मग मोठ्यानं. "म्हणजे त्यांना ठावं होतं की! मी इतके दिवस सांगायलोय, आत कायतरी पळायलंय, तर तू म्हन्तीस शेक." मग वहिनींकडं वळून म्हणाला, "ऐकलीस का? आपल्या पोत्यातले उंदीर माझ्यात शिरलेत. दुकानाची मांजर आता माझ्याजवळ झोपव."

वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लई झालं. चला, ऊन उतरलं." आणि उठताना त्यांनी त्याच्या काखेत हात घातला.

पुढं दीड वर्ष मी शनिवारी दुपारी नांदेडहून लातूरची गाडी धरायचे, तिथून शिरूरची. रविवारी परत. प्रत्येक वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं. एकदा शर्टाची बटणं गेली, वहिनींनी सगळ्या शर्टांना चिकटपट्ट्या शिवल्या. एकदा चप्पल गेली, कारण पाऊल उचलताना ती पायात राहिना. मग काठी आली, मग चाकाची खुर्ची. तो दुकानात मात्र जायचा. खुर्ची गल्ल्याशेजारी लावायची आणि हा तिथून सगळ्यांशी बोलायचा. पोतं हमाल उचलायचा. पोतं गाडीवर बसलं की माणसं अण्णाकडं बघत थांबायची, तो तिथूनच म्हणायचा, "हळू जावा, गाभण म्हशीगत न्या." कुणी हसायचं, कुणाला हसू यायचं नाही.

मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याची सकाळची पूजा. आमच्यात गळ्यात बांधलेलं छोटं शिवलिंग, इष्टलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्याचा डावा हात आधी गेला. काही दिवस तो उजव्या हातानं डावा धरून ठेवायचा, पण मग पाणी घालणार कशानं, विभूती लावणार कशानं? एका रविवारी मी लवकर उठले तर दोघं देवघरासमोर बसलेले होते. वहिनींनी आपला डावा हात त्याच्या हाताखाली घातला होता, ओंजळीला ओंजळ लावावी तसा. वर त्याचा तळहात, त्यात लिंग. उजव्या हातानं वहिनी पाणी घालत होत्या, बेल वाहत होत्या. मंत्र अण्णा म्हणत होता. पाणी दोघांच्या हातांवरून खाली ताम्हणात पडत होतं. मी दारातूनच मागं फिरले आणि चहा ठेवला.

जीभ जायला लागली तेव्हा तो घाबरला. हातापायांचं त्यानं सोसलं होतं, पण बोलणं हेच त्याचं सगळं होतं. शब्द आधी जड झाले, दारू प्यायल्यासारखे. नवीन गिऱ्हाइकाला तसंच वाटायचं, आणि जन्मात थेंब न घेतलेला माणूस ते ऐकून लाल व्हायचा. मग त्यानं दुकानात जायचं सोडलं. ज्या रविवारी मला जाता यायचं नाही तेव्हा वहिनी फोन त्याच्या कानाला लावायच्या. मी बोलायचे, तो हुंकार द्यायचा. मग मला हुंकारही समजेना.

वहिनींना मात्र समजायचं. त्या निलंग्याच्या खालच्या, सीमेवरच्या गावच्या. माहेरी कानडी. भरवताना त्या "साकू?" म्हणून विचारायच्या, म्हणजे पुरे का. लग्नानंतर तीस वर्षं अण्णा त्यांची त्यावरून चेष्टा करायचा. आता पातळ केलेली खीर चमच्यानं भरवताना त्या विचारायच्या, "साकू?" आणि तो डोळे मिटायचा, म्हणजे हो.

त्याच सुमाराला मी एकदा त्याच्या दंडावर हात ठेवून बसले होते. दंड कसला, मनगटाएवढं हाड आणि त्यावर सैल कातडी. ती आता थरथरत नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, पळणं थांबलं रे."

त्यानं काहीतरी लांबलचक सांगितलं. घशातून, नाकातून, तुटत तुटत. मी वहिनींकडं पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, "ते म्हन्तेत, पोत्यातलं सरलं की उंदीर कशाला थांबतेत."

अण्णानं डोळे मिटले आणि उघडले. मी त्याचा हात तसाच धरून ठेवला.

शेवटच्या उन्हाळ्यात त्याला गिळता येईना. पाणीही ठसका लागून बाहेर यायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी घालता येईल, तीतून अन्न जाईल, काही महिने मिळतील. मी नांदेडला सगळी तयारी केली. खोली बघितली, रजा टाकली, गाडी ठरवली. शिरूरला जाऊन सांगितलं तर अण्णानं नजर वळवली. मी पुन्हा समजावलं. तो काहीतरी बोलला.

"न्हाई म्हन्तेत," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं नाही? उपाशी राहणार का?"

"हितंच ऱ्हातो म्हन्तेत. नळी नको म्हन्तेत."

माझा आवाज चढला. "वहिनी, हे तो म्हणतोय की तुम्ही?"

वहिनींचा चेहरा उतरला. अण्णाच्या तोंडापाशी वाकून त्या म्हणाल्या, "मी हिला चुकीचं सांगायलेव का? असंल तर डोळं उघडं ठेवा. खरं असंल तर मिटा."

अण्णानं डोळे मिटले. घट्ट मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. कडांमधून पाणी आलं आणि कानाकडं गेलं, कारण त्याला पुसता येत नव्हतं. ते वहिनींनी पुसलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचं बी खरं हाय, वन्सं. मला बी वाटतं, घालावी नळी. रोज वाटतं. पर ते न्हाई म्हन्तेत." आणि माझ्या शेजारी बसून त्या रडल्या. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी रजा रद्द केली नाही. तीच रजा शिरूरला घालवली. तो गेला तेव्हा सकाळ होती. पूजा झाली होती. वहिनींनी कपाळाला, गळ्याला, दोन्ही दंडांना विभूती लावली होती आणि हात पुसायला त्या आत गेल्या होत्या. मी त्याला काहीतरी वाचून दाखवत होते, पेपरातलंच, लातूरच्या बाजारभावाचं. श्वास लहान होत होता हे मला दिसत होतं. तो दोन दिवसांपासून तसाच होता. मग एक श्वास गेला आणि त्याच्या मागून दुसरा आला नाही. त्याचे डोळे माझ्याकडं होते. मी वहिनींना हाक मारली.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. भिंतीला टेकून, मांडी घालून, गळ्यात हार घालून अण्णाला दुकानासमोर बसवलं. शेवटी शेवटी ज्याला धरून बसवावं लागायचं, त्याला आता पाठीमागून दोन पट्ट्या बांधल्या होत्या. मान पुढं येऊ नये म्हणून कपाळावरून एक फडकं मागं बांधलं. गाव येत होतं, पायांवर डोकं ठेवत होतं. कधीकाळी पोती नेलेली माणसं आसपासच्या खेड्यांतून आली, कुणी मोटारसायकलवर, कुणी टमटममधून. वहिनी त्याच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. मुंगी की काय आली म्हणून त्याच्या गुडघ्यावरून त्या सारखा हात फिरवत होत्या. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले. खड्ड्यात उतरवल्यावर त्याच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि तो हात मांडीवर नीट लावला. मग विभूती, बेल, मीठ आणि माती. मूठभर माती मीही घातली.

रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. नात्यातली एक बाई मला म्हणाली, सुटला बिचारा. मला ते शब्द ऐकवेनात. मी उठून आत गेले.

काही दिवसांनी पाहुणे पांगले. मी अजून होते. एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "दुकान उघडते." मी म्हटलं, "इतक्यात?" त्या म्हणाल्या, "जनावरं उपाशी हायत लोकांची. रोज कुणीतरी परत जायलंय." त्यांनी चाव्या घेतल्या, शटर वर ढकललं, गल्ल्यावर पाणी शिंपडलं आणि अण्णाच्या जागी न बसता शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी आतल्या खोलीत रिकामी पोती झटकून घड्या घालत होते.

एक म्हातारा शेतकरी आला. लांबच्या वाडीचा असावा, त्याच्या कानावर काही गेलेलं नव्हतं. मी आतून त्याचा आवाज ऐकला.

"अण्णा न्हाईत का?"

"न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

"कवा येतेत?"

बाहेर हमालाचा आवाज थांबला. मी हातातलं पोतं तसंच धरून उभी राहिले.

मग वहिनींचा आवाज आला, नेहमीचाच, जरासा बसलेला. "ते वारले, काका. बसा तुम्ही. काय पायजे होतं?"

म्हातारा बसला असावा, कारण पोत्यांचा आवाज झाला. बराच वेळ तो काही मागेना. वहिनींनी हमालाला दोन चहा सांगायला पाठवलं.